थेंब पुन्हा निळा

"बाबा, कान लाव ना. आत कुणीतरी श्वास घेतंय."

समुद्रावर सापडलेला शंख चिमीने बापाच्या कानाला लावला होता. बाप चष्मेवाला, चष्म्यांचं दुकान चालवणारा. तो घाईत होता. "मला नाही बाई ऐकू येत," म्हणाला आणि दुकानात गेला. चिमी जाऊन आता दहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी त्याने तिची खोली रिकामी केली. फ्रॉक, वह्या, खेळणी, सगळं देऊन टाकलं आणि पलंगाच्या जागी माशांची लांबलचक टाकी मांडली. त्याची पाठ धरली होती, म्हणून मातीची पोती बायकोनेच ओतली. काळी, भाजलेली, साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची माती. ती पाण्याचा कडकपणा पिऊन टाकते, पाणी जरासं आंबट करते. त्याच्या माशांच्या जोडीला तसंच पाणी लागतं, नाहीतर अंडी पांढरी पडून मरतात.

अंड्यांच्या तीन खेपा तशाच गेल्या होत्या. मादी म्हातारी झालेली. काल तिने पानावर चौथ्यांदा अंडी घातली, बहुधा शेवटची.

त्याने नळीत पाणी घेऊन आंबटपणा तपासायच्या औषधाचा थेंब सोडला. पिवळं आलं तर सुख, हिरवं आलं तर धीर, निळं आलं तर घात.

थेंब पुन्हा निळा.

"काका, पंप बदलला, पाणी बदललं, आता घर बदला," माशांचा दुकानदार फोनवर हसला. मग गंभीर झाला. "मातीत नक्की काहीतरी आहे. माती पाण्याचा कडकपणा खाली ओढते, ते पुन्हा वर ढकलतंय."

दुपारची वेळ. रस्ता निपचित. दोन्ही मासे अंडी सोडून डाव्या कोपऱ्यात उभे होते, तोंडं खाली, जणू कुणाचं ऐकत. रोपांची मुळंही सगळी तिकडेच वळलेली. तो गुडघ्यांवर बसला. काचेलगत, काळ्या मातीत, नखाएवढं काही पांढरं दिसत होतं. परवा ते बोटभर होतं, त्याला पक्कं आठवत होतं. काहीतरी आत झिजत होतं, कणाकणाने पाण्यात उतरून ते कडक करत होतं.

पंप बंद होता. तरी त्याने काचेला कान लावला, आणि अंगावर सर्रकन काटा आला.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. झोपलेल्या मुलीसारखं.

तो धडपडत उठला. "अगं, चिमटा आण! तो कोपरा उकरतो!"

बायको दारातच होती. किती वेळची, कोण जाणे. "माझा ताप कधी एवढ्या काळजीने मोजला नाहीत," एरवी ती म्हणाली असती. आज तिने येऊन नुसता त्याचा हात धरला.

"उकरू नका."

"अंडी मरतील गं! एवढी तरी जगू देत."

"मग हळू काढा. एकेक. माझ्या हातात द्या."

"काय देऊ?"

तिने पानावरच्या अंड्यांकडे पाहिलं. काही कडेने पांढरी व्हायला लागली होती.

"चिमीचे शंखशिंपले आहेत तिथे. पोतं ओतायच्या आधी मी तळाला ठेवले. तीन खेपा मेल्या तरी बोलले नाही हो. वाटलं, सांगितलं तर तेही देऊन टाकाल."