एक तृतीयांश मुळं

तीस वर्षं सलून चालवलेल्या माणसाला कात्री कशी धरायची हे कोणी शिकवू लागलं, तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबणारच. त्यातून शिकवणारी बायको असली तर विचारायलाच नको. पण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तिच्या बॉन्साय मेपलच्या फांद्यांवरचे डोळे फुगायला लागले होते. पानं फुटायच्या आत कुंडी बदलणं भागच होतं.

ते वीतभर झाड तिने बी पेरून सहा वर्षं वाढवलं होतं. बॉन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवायची कला, असं तो गिऱ्हाइकांना सांगत असे. ती जवळपास असली तर जरा हळू आवाजात.

सलून बंद असायचं त्या सोमवारी त्याने ओट्यावर जुने पेपर पसरले, झाड कुंडीतून काढलं आणि काडीने मुळांमधली माती मोकळी केली. मुळांचं ते जंगल बघून त्याचे हात शिवशिवायला लागले. ती चष्मा लावून पुस्तकात बघत होती. मुळं किती, असं त्याने विचारलं. एक तृतीयांश, ती म्हणाली आणि तिने पान उलटलं.

आता सलूनमध्ये आकडा सांगतात तो ठेवायच्या केसांचा. मशीनचा तीन नंबर म्हटलं की तेवढे केस डोक्यावर राहतात. कापायचे किती, हे कोणी सांगत बसत नाही. त्याने एक तृतीयांश मुळं ठेवली आणि बाकीची सफाईने उडवली. काम इतकं सुबक झालं की त्याने ते तिला हौसेने दाखवलं.

"अहो," ती म्हणाली, "एक तृतीयांश कापायची होती."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भांडली असती तर परवडलं असतं. ती भांडली नाही. वरच्या फांद्याही तेवढ्याच छाटा, उरलेल्या मुळांना एवढा पसारा पोसवणार नाही, एवढंच तिने सांगितलं. नव्या कुंडीत धरून राहायला मुळंच नव्हती, म्हणून त्याने झाड तारेने बांधून उभं केलं.

थंडी अजून सरली नव्हती. बाहेर ठेवलं तर कापलेली मुळं गारठणार आणि घरात हीटरच्या उबेने झाड भलत्या वेळी जागं होणार. शेवटी सलूनच्या मागच्या खोलीत, हीटर नसलेल्या खिडकीपाशी त्याची सोय झाली. मातीत बोट घालून बघायचं आणि कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं, असा तिचा हुकूम होता. तो दिवसातून दहा वेळा आत जाऊन बोट घालायचा. आत बाळ आहे का, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं. पेशंट आहे, असं याने तोंड पाडून सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी फांदीवर तीन हिरवे ठिपके दिसले. गळ्यात एप्रन तसाच, कुंडी छातीशी धरून तो घरी धावत सुटला. आदल्याच दिवशी तिचं प्लास्टर निघालं होतं. तिने चष्मा पुसून पुसून झाड पाहिलं.

"घे बाई, जगलं तुझं झाड," तो धापा टाकत म्हणाला.

"माझं झाड तुम्ही त्या सोमवारीच कापून टाकलंत," ती म्हणाली. "हे तुमचं आहे." आणि तिने कुंडी त्याच्यापुढे सरकवली.

त्या आनंदात तो ते तीन ठिपके पुन्हा पुन्हा मोजत बसला. खुर्चीत एक गिऱ्हाईक गालाला साबण लावून बसलंय, हे त्याला बऱ्याच वेळाने आठवलं.