सुगंधा पिकअपमध्ये बसत नाही

चौऱ्याऐंशी सालच्या पौषात मोचेमाडच्या वळणाच्या उतारावर माझ्या पिकअपचा पाटा तुटला आणि तेव्हापासून माझी बायको तिच्यात पाय ठेवीना. पाटा म्हणजे चाकावर गाडीचा भार पेलणारी पोलादी पट्टी. अशा पाच पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात. त्यातली डाव्या बाजूची मुख्य पट्टी गेली. गाडी कलली, दरडीला टेकून उभी राहिली, आणि आरोंद्याहून वेंगुर्ल्याला चाललेले माझे नारळ रस्ताभर पसरले. मी एक क्षणही न घालवता उडी मारली, गाडीखाली शिरलो आणि बिघाड शोधून काढला. छप्पन सालची गाडी, तिची नाडी मलाच कळते. कुणी दगावलं नाही, विषय संपला. निदान मला तसं वाटलं होतं.

पुढच्या बाजाराला सुगंधा एस्टीने गेली. त्याच्या पुढच्या बाजारालाही. काही विचारलं की म्हणे, ‘‘माका एस्टी बरी पडता.’’ आता एस्टी कुणाला बरी पडते, सांगा! मी घुश्शातच होतो. त्यातच वैशाखात तळेऱ्याला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिथेही ही एस्टीनेच जाणार म्हणाली. दारात गाडी असताना बायको एस्टीतून उतरणार आणि मागून मी एकटाच पिकअप घेऊन येणार! सासुरवाडीची मंडळी वर्षभर तेच चघळत बसली असती.

पण खरं सांगायचं तर लोकांचं मला एवढं नव्हतं. ती शेजारी बसली की शिरोड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक घराची कुळकथा ऐकवायची. मी वैतागून ‘‘पुरे गो!’’ म्हणायचो. आता कुणी बोलत नव्हतं आणि रस्ता संपता संपत नव्हता. लग्नाला ती माझ्या शेजारी बसून यायला हवी, बस्स. आणि त्यासाठी गाडी नीट व्हायला हवी, हे तर उघडच होतं.

वेंगुर्ल्याच्या सत्यवान मेस्त्रीने नवा पाटा घातलाच, वर दोन्ही बाजूंना एकेक जादाही चढवला. गाडी कलायची थांबली आणि उडायला लागली. रिकामी असली की माझं डोकं टपाला आपटायचं. मी घरी येऊन सांगितलं, ‘‘पाटो वाढवलंय. आता कलाची नाय.’’

‘‘बरा केलात,’’ सुगंधा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी एस्टीने गेली.

गावातले भाई परब एस्टीवर ड्रायव्हर. ते म्हणाले, जादा पाटा काढ, पट्ट्यांमध्ये ग्रीस भर. सत्यवान म्हणाला, भाईंनी आपली एस्टी सांभाळावी. मी एक ऐकलं, मग दुसरं ऐकलं. पाटे काढले, घातले, परत काढले. शेवटी कोल्हापुराहून धक्के शोषणारे चार नवे शॉकअप मागवले. भंगारातल्या गाडीची एक जाड सळी सत्यवानाने पुढच्या दोन चाकांमध्ये बसवून दिली. वळणावर एक बाजू दबायला लागली की ही सळी तिला आवरून धरते म्हणे. खरंच धरत होती! पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी पेला समोर ठेवून मी मोचेमाडचं वळण घेतलं. चार थेंब सांडले, फक्त चार. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

घरी आलो आणि सुगंधाला पेला दाखवला.

‘‘ह्यो माझो पेलो तुमी न्हेल्यात?’’ एवढं बोलून तिने तो घासायला घेतला.

माझं डोकंच चालेना. एखाद्या वळणाची माणसाला धास्ती बसते, म्हणून मी जागेच्या देवाला, तिथल्या राखणदारालाही नारळ देऊन आलो. ते ऐकून ती म्हणाली, ‘‘माका राखणदाराचा भय नाय.’’

‘‘मगे कसला भय?’’

‘‘भय आसा म्हणान मी कधी सांगलंय?’’

आता काय करावं? भीती नाही, राग नाही, जेवण वेळेवर, बोलणं गोड. फक्त गाडीत बसायचं नाही. मी पुन्हा सत्यवानाकडे गेलो. तो विडी पेटवून गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, ‘‘एक सांग, दत्ताराम. पाटो वळणाआधी तुटलो की वळणात? वयनी तेव्हा दाराक आपटली काय तुझ्या अंगावर इली?’’

मला माहीत नव्हतं. नारळ किती फुटले ते माहीत होतं. पट्टी कुठे चिरली होती ते बोटाने दाखवू शकत होतो. हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी सुगंधा पडवीत भाजी निवडत होती. मी समोर बसलो. ‘‘त्या दिवशी तू खंय आपटलंस गो?’’

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. ‘‘ह्या तुमका होया, की सत्यवानाक?’’

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तिच्यासमोर माझं खोटं कधीच टिकलेलं नाही. ‘‘सत्यवानाक,’’ मी म्हणालो.

‘‘दाराक,’’ ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

मी उठलो नाही. उठून जायला पाहिजे होतं की नव्हतं, तेही कळेना. थोड्या वेळाने म्हणालो, ‘‘आता माका सांग.’’

मग तिने सांगितलं. डावा खांदा दारावर आदळला. दार दरडीला टेकलेलं, उघडेना. तिने मला दोन हाका मारल्या. माझ्या बाजूच्या दारापर्यंत सरकत आली आणि बाहेर वाकून पाहिलं, तर गाडीखालून माझे दोन पाय तेवढे दिसत होते. तिसऱ्या हाकेला मी खालूनच ओरडलो होतो, ‘‘थांब गो, पाटो तुटलो!’’

‘‘हात अजूनय वर जायना,’’ ती म्हणाली. ‘‘चार महिने झाले, आंबाडो एका हातान घालतंय. तुमी पाटे मोजताहात.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. एस्टीने.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती पिशवी घेऊन थांब्यावर निघाली. मी पिकअपला कुलूप घातलं आणि मागून गेलो.

‘‘आणि गाडी?’’ तिने विचारलं.

‘‘ऱ्हवांदे हयच.’’

‘‘मगे येवढा केलात ता?’’

‘‘ता नारळांक उपेगी पडात.’’

तिने तोंड फिरवलं. हसली की चिडली, कळलं नाही. एस्टीत खिडकीची जागा मी तिला घेऊ दिली नाही, कारण त्या बाजूला लोखंडी चौकट होती आणि तिचा डावा खांदा. खिडकीशी मी बसलो. मोचेमाडच्या वळणावर एस्टी एका अंगावर कलली, भाजीच्या टोपल्या सरकल्या आणि सुगंधा सगळ्या भाराने माझ्यावर आली.

‘‘लागला काय गो?’’ मी घाबरून विचारलं.

‘‘कित्याक? सत्यवानाक सांगूचा आसा?’’

आता ही थट्टा होती की टोमणा, मला काही कळेना. रस्ता केव्हाच सरळ झाला होता. ती मात्र अजून बाजूला झाली नव्हती.