निळ्या डोळ्यांचा असुर

पेणच्या मूर्तिकार गुणाजींनी यंदा देवीच्या पायाखालच्या असुराला निळे डोळे काढले, वर लाल टाय बांधला. अमेरिकेनं आयातकर वाढवल्यामुळे तिकडे जाणाऱ्या गणपतींची ऑर्डर बुडाली होती. राग कुठेतरी काढायला हवाच.

देवी रोह्याच्या मंडळात बसली. घटस्थापनेच्या दिवशी मेव्हण्यानं, म्हणजे निवृत्त मास्तर दिनानाथनं, फेसबुकवर फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘आमचे दाजी, पक्के अमेरिकोफोब!’

आणि शुक्रवारी गुणाजी-गिरजाबाईंची व्हिसाची मुलाखत. न्यू जर्सीत लेकीचे, अनिताचे, दिवस भरत आलेले. जावयानं बजावलं होतं, “ते फेसबुकसुद्धा बघतात.”

 दोघांनी रोहं गाठलं.

“काय लिवलंस रे हे?”

“शब्द आहे, दाजी. अमेरिकनांचा द्वेष करणारा. मूळ ग्रीक. फोबोस म्हणजे भीती. मुळात घाबरणारा; द्वेष नंतर चिकटला.”

“मग घाबरतो असंच लिव ना, मेल्या!” गिरजाबाई कडाडल्या. “घाबरणाऱ्याला कोण अडवतंय?”

दिनानाथनं फोटो काढून टाकला. तोवर तो निम्म्या रोह्यानं पुढे पाठवला होता.

गुणाजी ब्रश घेऊन मंडपात गेले. अध्यक्ष कमळाकर आडवा आला.

“प्राणप्रतिष्ठा झालीय, काका. आता हात लावायचा नाय.”

“देवीला नाय रे, असुराला!”

“तोबी त्याच पाटावर हाय.”

भटजींना विचारलं. ते असुराकडे बघून म्हणाले, “प्रतिष्ठा यांचीही झाली म्हणायची.” असुराला अहोजाहो ऐकून गुणाजी मुकाट बाहेर आले आणि विसर्जन लवकर होईल का, असं विचारून शिव्या खाऊन परतले.

शुक्रवारी मुंबईत खिडकीपलीकडच्या साहेबानं संगणकात पाहिलं, दुभाष्या बाईंमार्फत विचारलं, “अमेरिकेबद्दल राग आहे?”

गुणाजी म्हणाले, “होता, साहेब. आता भीतीच हाय.”

“कसली?”

“तुम्ही नाय म्हणाल, ह्याची. पोरगी अवघडलीय तिकडं.”

साहेबानं काहीतरी टाइप केलं आणि दोन्ही पासपोर्ट बाजूच्या टोपलीत टाकले.

“ओ, आमची पुस्तकं!” गिरजाबाईंनी काचेवर टकटक केली. “नाय देत तर नाय देत, पण पुस्तकं कशाला ठेवताय? ती आमची हायत!”

“मावशी,” दुभाष्या बाई हसू दाबत म्हणाल्या, “ठेवून घेतली म्हणजे व्हिसा मिळाला.”

“मग पावती द्या,” गिरजाबाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.