ठकीसाठी बेतलेले शर्ट

कापड मी बेतायचो, शिवायची ठकी. ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माझ्याकडे आली ती शिलाई मशीन घेऊनच. आमच्या दुकानात शाळेचे गणवेश होतात. मी मशीनवर बसायचं नाही, तिने कात्रीला हात लावायचा नाही. भांडणं नकोत म्हणून ही वाटणी. तरी भांडायचोच.

पोटाचा कॅन्सर आधी माझा सापडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सख्ख्या बहिणीलाही तपासून घ्या. तिचाही निघाला. दोघांचंही निम्मं जठर काढलं. घरी आल्यावर ताटं वर ठेवली आणि बशीत जेवू लागलो.

"आमच्यातलं आधी कोण जाणार?" एकदा मी हसत हसत डॉक्टरबाईंना विचारलं.

"असं नाही सांगता येत, काका. सगळ्या रोग्यांचं मिळून पाहिलं तर या आजारात पुरुषांपेक्षा बायका जरा जास्त तगतात. पण जराच. आणि एकट्या माणसाचं त्यावरून काही ठरत नाही."

"ऐकलंस?" ठकी मला म्हणाली. "जन्मात एक गोष्ट मला तुझ्यापेक्षा जास्त मिळाली."

बायका जास्त तगतात, एवढंच घेऊन मी घरी आलो. मी गेल्यावर हिला कापड कोण बेतून देणार? गणवेशाची मापं ठरलेली असतात. म्हणून मी पुढच्या वर्षांत येणाऱ्या मुलांचेही शर्ट बेतायला घेतले. पाठ, पुढा, बाह्या, कॉलर. एकेका शर्टाचं गाठोडं बांधून फळीवर. फळी भरली, मग कॉटखाली.

"अरे, मला काय दहा हात आहेत?"

"सावकाश शिव. घाई कुणाला आहे?"

पुढे तिचं अन्न तुटलं. पाणीसुद्धा पोटात ठरेना. तपासलं तर दुखणं यकृतात उतरलेलं. माझे रिपोर्ट मात्र चांगले आले. मी ते तिला सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावरून तिने ओळखलंच.

एका सकाळी ती कॉटवरून म्हणाली, "दादा, मशीनवर बस."

"मी कशाला? तू उठशील ना. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, बायका..."

"त्यांनी बायकांचं सांगितलं रे. माझं नाही सांगितलं."

मी बसलो. पायडल दाबताच चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला.

"आधी चाकाला हात लाव, मग पाय. आणि मला रोज सांगायचास ना, टाका बारीक घे? घे आता."

मी डावी बाही उजवीकडे जोडली. ठकी पोट धरून हसली. हसताना तिला दुखत होतं, तरी थांबेना.

"उसव. हळू रे, कापड फाटेल."

ती गेली तेव्हा त्या शर्टाला एकच बाही होती.

दुसरी मीच लावली. मग पुढचं गाठोडं सोडलं. स्टूल तिच्या उंचीचं आहे, माझे गुडघे मशीनला अडतात. शेजारचा सुतार म्हणाला, स्टुलाचे पाय उंच करून देतो. मी नको म्हटलं.

परवा एक आई शर्ट उलटा करून शिलाई बघत होती.

"काका, हा नेहमीचा हात नाही वाटतं?"

"नाही," मी म्हटलं. "हा कच्चा आहे. सांभाळून घ्या."