पहाटेचं दूध

शालूबाईंनी रिकामी किटली पिशवीत खोल दडपली आणि वर टॉवेल टाकला.

समोर सिस्टर विचारत होती, "काका, सकाळपासून काय खाल्लं-प्यायलंय?"

"काय न्हाय. पोट साफ करायचं ते खारट औषध तेवढं," हंबीरराव म्हणाले, आणि बायकोकडं न बघता त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

तीन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात त्यांच्या मोठ्या आतड्यातली गाठ दुर्बिणीतून काढली होती. आता ती त्याच जागी परत उगवली होती. दुर्बिणीनं निघाली तर बरं, नाहीतर पोट फाडून आतडं कापायचं. काढलेली वस्तू परत येतेच कशी, हे काही केल्या शालूबाईंच्या डोक्यात शिरत नव्हतं. राधानगरीहून काल बहिणीकडं मुक्कामाला आल्यापासून एकच किडा मनात वळवळत होता. दूध! एकादशीला चालतं ते रिकाम्या पोटाला का चालू नये, म्हणून मागल्या खेपेला त्यांनी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी समोर पिळून देतात ते धारोष्ण दूध नवऱ्याला पाजलं होतं. आज पहाटेही. त्यावरच पोसली असेल का ही मेली गाठ?

डॉक्टर आले तशा त्या उठल्याच.

"दूध मी दिलंय, सायेब. आजबी आन् तवाबी. माझ्यामुळंच झालं हे."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, दूध चालत नाही. आता उद्या करावं लागणार. पण गाठ दुधानं परत येत नाही हो. मोठी होती, तुकडे करून काढली. कडेला कण राहिला तर वाढतो. म्हणून तर सहा महिन्यांनी तपासायला बोलावलं होतं."

"कुणाला?"

डॉक्टरांनी फाइल त्यांच्यापुढं धरली. तपासणीच्या सूचनेखाली हंबीररावांची सही होती, चांगली लफ्फेदार.

शालूबाई बघतच राहिल्या. 'सगळं साफ हाय, परत यायला नगो,' म्हणून याच माणसानं गल्लीत पेढे वाटले होते!

"का सांगितलं न्हाईसा?"

"भ्या वाटलं गं," हंबीरराव खाली बघत म्हणाले. "परत बघितलं आन् परत घावली, तर?"

ओरडावं की रडावं, शालूबाईंना कळेना. त्या डॉक्टरांकडं वळल्या.

"उद्या काढल्यावर परत कवा यायचं?"

"सहा महिन्यांनी."

"आत्ताच लिवून द्या."

चिठ्ठी पुढं आली तसा सवयीनं हंबीररावांचा हातही पुढं आला. शालूबाईंनी ती आधीच उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. शाळेचं तोंड त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"ह्यात सहा महिनं कुठं लिवल्यात?"

हंबीररावांनी बोट टेकवलं.

"हितं."