चोरलेली पाच वर्षं

डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या उजव्या बाजूला बोटं दाबली तशी सुमतीनं पलंगाची कड घट्ट धरली.

"वय?"

"चौतीस." नवरा गिरिधर उशाशीच उभा होता.

"पाळी?"

"वेळेवर," सुमती म्हणाली.

दोन्ही खोटं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वर्षी सुमती एकवीस वर्षांची होती, आणि त्याला आता अठरा वर्षं झाली होती. पुढच्या उन्हाळ्यात लग्न ठरलं, तेव्हा गिरिधर निघाला विसाचा. नवरी मोठी कशी चालेल? तिच्या मामानं वय सांगताना तिची पाच वर्षं गिळून टाकली.

दोन महिने पाळी आली नाही तेव्हा तिला वाटलं, आता जायची वेळ झाली. पण चौतिशीतल्या बाईची पाळी जाते, असं सासूला सांगायचं कोणत्या तोंडानं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आज सकाळी भाकरी थापताना कळ आली आणि ती चुलीजवळच कोसळली. सासूनं वायगोळा म्हणून ओवा चघळायला दिला.

आता खांदाही ठणकत होता. हातपाय गार पडले होते. आपण मरतो आहोत, असं तिला वाटलं, आणि फार भीती वाटली. धाकट्या लेकीला अजून स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

"बाई, दोन महिने नाही आली. मले वाटलं, बंद होऊन राहिली. अन् चौतीस नाही, एकोणचाळीस वर्षांची आहो मी." तिनं गिरिधरकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला.

"बंद होत नाहीये. दिवस गेलेले दिसतात. गर्भ पिशवीत न राहता नळीत अडकलाय, नळी फुटून आत रक्त जातंय. वय वाढलं की हा धोका वाढतो. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

नर्सनं गिरिधरपुढे कागद धरला. वयाच्या जागी त्यानं एकोणचाळीस लिहिलं आणि खाली सही केली.

"तुमाले राग आला असन," सुमती पुटपुटली.

"कायचा राग वं? मामानं लग्नाआधीच सांगितलं होतं मले. मीच म्हटलं, माह्या मायले सांगू नका."

सुमतीनं त्याची बाही धरली.

"मग मले काहून नाही सांगितलं?"

नर्सनं स्ट्रेचर ढकललं. तो सोबत चालू लागला.

"मले वाटलं, मामानं तुले सांगितलं असन," तो म्हणाला. नर्सनं त्याला दाराशी थांबवलं.