अंडी आणि अग्रलेख

डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघून बजावलं होतं, की पेपर वाचताना तोंड बंद ठेवा. म्हणून आज अग्रलेख वाचूनही मी संपादकाला एक शब्द बोललो नाही. दातओठ खात गप्प बसलो.

बायकोने अंडी आणून ठेवली. आमच्याकडे अंडं अर्धवट उकडलेलं लागतं. वरची टोपी उडवायची आणि टोस्टची पट्टी आत बुडवायची, की बलक ओघळत वर येतो. आज पट्टी आत शिरेना. जोर केला तर मोडली. अंड्याचा पार दगड झाला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"मला काय विचारता? तुम्ही पेपर उघडला की मी अंडी पाण्यात सोडते आणि तुमची बडबड थांबली की काढते. आज तुम्ही सुरूच झाला नाहीत, मग काढायची कधी?"

म्हणजे लग्न झाल्यापासून मी या घरातलं घड्याळ होतो. माझं डोकंच फिरलं. मी आधी तिला, मग डॉक्टरांना आणि शेवटी राहून गेलेल्या संपादकाला चांगलंच फैलावर घेतलं.

ती स्वयंपाकघरात गेली. मी बोलून दमलो, तेव्हा तिने दोन नवी अंडी पुढ्यात ठेवली.

बलक अगदी हवा तसा होता.